वैयक्तिक कारण

एप्रिलच्या सभेत सगळे आपापल्या सपाता बघत बसले होते,
शाळेच्या, पाहुण्यांसाठीच्या, हिरव्या,
ज्यांच्यात टाच कधीच मावत नाही.
बाहेर फुलं झडत होती म्हणे.
मी अंगठ्याजवळचं भोक बघत होते.

ज्यांना संघाचं काम जमणार नाही
त्यांनी कारण लिहून द्यायचं
आणि ते सर्वांसमोर वाचलं जायचं.
कुरोहामाच्या शाळेत ही रीत कुणी पाडली, कोण जाणे.
मोरोईबाई वाचत गेल्या :
सासरे रात्री उठून बंदराकडे चालू लागतात.
गेल्या हिवाळ्यात घटस्फोट, आता दोन ठिकाणी नोकरी.
गर्दीत श्वास लागतो, गोळ्या चालू आहेत.
मग तेशिरोगीबाईंचा कागद :
उपचार सुरू आहेत.
"कसले?" मागून कुणीतरी.
ती उठली. दुसरं मूल राहत नाही, म्हणाली,
तीनदा राहिलं, तीनदा गेलं,
आणि सपाता नीट जुळवून खाली बसली.

उरलेल्यांनी दगड, कात्री, कागद.
चौथ्या फेरीत मी आणि नुकागाबाई.
मी कात्री काढली, तिने दगड.
टाळ्या इतक्या मनापासून पडल्या
की माझ्या लग्नातही पडल्या नव्हत्या.
खजिनदारीचं लोढणं असं गळ्यात आलं.

मे : गवत उपटलं. हातमोजे, बारा जोड.
जून : पोहण्याचा तलाव उपसला.
तळाच्या हिरव्या गाळात चतुरांच्या अळ्या,
मुलांनी मोजल्या, दोनशे बारा,
मग भांडण, की दोनशे तेरा.
बादल्या, चार. पावती जोडली आहे.
तेशिरोगीबाई आली होती, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून.
यादीत नाव नव्हतं तिचं.
कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही,
ओंजळीत एकेक अळी धरून
ती बादलीपर्यंत चालत जायची. पळायची नाही.

ऑगस्ट : सकाळी साडेसहाला मैदानावर कवायत,
मुलांच्या कार्डांवर शिक्के.
माझा मुलगा झोपेतच हात वर करायचा.
ऑक्टोबर : बाजार. तळलेले पाव दुपारीच संपले,
आणि हिशेबात चाळीस येन कमी.
तीनदा बेरीज केली. चौथ्यांदा नवऱ्याने.
चाळीसच.

नोव्हेंबरात खोबणीखोबणीतून वारा येणाऱ्या हस्तकलेच्या खोलीत
आम्ही पाकिटांवरच्या खुणा कापत बसलो,
नखाएवढ्या, एकेक येनाच्या,
साठवल्या की शाळेला चेंडू मिळतात.
तीन तासांत सहा जणींनी मिळून जे कापलं
ते मी मासळीच्या कारखान्यात एका तासात कमावते.
पण तिथे पट्ट्याच्या आवाजात कुणी बोलत नाही.
इथे मोरोईबाई, मान वर न करता,
"ते मोठ्याने वाचायला नको होतं."
एवढंच.
कात्र्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या.

जानेवारी : रस्त्यावर पिवळं निशाण धरून उभं राहणं.
समुद्राकडून बर्फ आडवा येतो,
पोरं निशाणाखालून बदकांसारखी जातात,
शेवटचं कायम बूट सोडून परत वळतं.

मार्चात पुढच्या वर्षाच्या कागदांचं पाकीट
माझ्या हाती आलं. मोरोईबाईंचा घसा बसला होता,
निदान तसं त्या म्हणाल्या.
मी उभी राहिले. पहिला कागद उघडला, वाचला, मनात.
मोठ्याने म्हटलं, "वैयक्तिक कारण."
दुसरा. "वैयक्तिक कारण."
पाढे म्हणावेत तसे अकरा कागद.
"म्हणजे काय कारण?" मागचाच आवाज.
"चष्मा विसरले," मी म्हटलं.
चष्मा डोळ्यांवर होता.
हेडमास्तर किनुगासा खिडकीबाहेर बघू लागले,
फार बारकाईने.

इतिवृत्तात : अकरा जणांना वगळले. हरकत नाही.
पाकीट मी त्याच कात्रीने कापलं,
नखाएवढे तुकडे होईपर्यंत.

तेशिरोगीबाईंचा कागद त्यात नव्हता.
ती ओळीत उभी होती, बाह्या सरसावून,
आणि पहिल्याच फेरीत तिने उघडा पंजा पुढे केला.

शिल्लक पुढच्या खजिनदारास सुपूर्द.
चाळीस येन अजून सापडलेले नाहीत.